एकट्याचा वाद्यवृंद

अंधेरीहून बोरिवलीकडे निघालेल्या लोकलमध्ये कानात इअरफोन घातलेली मुले आपण रोज पाहतो. ती जे ऐकत असतात, त्यात अलीकडे एका वेगळ्या जातीची गाणी असतात. गाणे लिहिणारा, चाल बांधणारा, गाणारा आणि वाजवणारा माणूस एकच. वाद्ये म्हणजे एक संगणक आणि एक की-बोर्ड. त्यामागे चित्रपट नसतो. पुण्यात वाढलेला रित्विज हे यातले ठळक नाव. २०१७ साली त्याचे ‘उड गये’ इंटरनेटवर आले आणि बघता बघता कॉलेजच्या मुलांच्या तोंडी बसले. लहानपणी त्याने शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेले, त्यामुळे यंत्राच्या ठेक्यावरही त्याच्या गळ्यातली हरकत आपल्याला ओळखीची वाटते.

राग आणि यंत्र यांची ही सोयरीक मात्र कालपरवाची नाही. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतल्याच एका वादकाने ती एकट्याने जुळवून पाहिली होती. त्यांचे नाव चरणजितसिंग.

चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत ते बास गिटार आणि विजेवर चालणारी नवनवी वाद्ये वाजवत. १९७१ च्या ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड हे अकॉर्डियनसारखे दिसणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांनीच वाजवले. गाणे देशभर गाजले, पण वादकाचे नाव किती जणांना ठाऊक होते? तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे असत. वादकाने आपल्या कामाचे पैसे घ्यायचे आणि पुढचे रेकॉर्डिंग गाठायचे, अशी रीत होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे आली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचे यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची छोटी पेटी. एकट्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून ही पेटी काढलेली होती. गंमत पाहा, चरणजितसिंग स्वतः बास गिटार वाजवणारे. म्हणजे आपल्याच कामाला पर्याय ठरणारे यंत्र त्यांनी हौसेने घरी आणले!

या पेटीत सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, की ती सुरावट न थकता फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही तिच्यात आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा आणि मींड यांवर वाढलेल्या कानाला हे परके कसे वाटणार? चरणजितसिंग यांनी त्या घरांत रागांचे स्वर भरले, तालयंत्र सुरू केले आणि वर सिंथेसायझरवर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. पाश्चात्त्य संगीतात बदलत जाणारे कॉर्ड्स त्यात नव्हते. तंबोऱ्यासारखा एक आधार सतत चालू आणि त्यावर रागाची बढत, असा तो सगळा प्रकार होता. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ती तबकडी १९८२-८३ च्या सुमारास एचएमव्हीने काढली.

काळ डिस्कोचाच होता. ‘कुर्बानी’ १९८० साली येऊन गेला होता. तरीही तबकडी चालली नाही. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना त्यात डिस्को खटकला असेल आणि डिस्कोच्या चाहत्यांना राग.

त्या वर्षांची दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे. घाटकोपरला आमच्या इमारतीत एक व्हायोलिनवादक काका राहत. पूर्वी सकाळीच पेटी घेऊन बाहेर पडणारे काका पुढे पुढे आठवड्यातून दोनतीन दिवस गॅलरीत बसलेले दिसू लागले. पन्नास जणांचा ताफा ज्या सुरावटी वाजवायचा, त्या एक माणूस की-बोर्डवर वाजवू लागला होता. काका कुणाला दोष देत नसत. पण संध्याकाळी त्यांचा रियाज चाले, तेव्हा जिन्यावरून जाताना आमचे पाय आपोआप हळू पडत. एकट्याच्या वाद्यवृंदाची ही किंमत कुणी तरी मोजलेली आहे.

इकडे टीबी-३०३ लाही गिऱ्हाईक मिळेना. १९८४ साली कंपनीने तिचे उत्पादन थांबवले. जुन्या बाजारात स्वस्तात गेलेली ती पेटी अमेरिकेत शिकागोच्या तरुणांच्या हाती लागली. १९८७ साली फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जगभर पसरले. पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितसिंग यांची जुनी तबकडी मिळाली. ऐकून तो चकित झाला. शिकागोच्या आधी पाच वर्षे तसाच नाद मुंबईत उमटला होता! २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग युरोपात जाऊन हेच राग तरुण श्रोत्यांसमोर वाजवून आले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग अ‍ॅसिड हाउसचा जनक कोण, असा वाद लोक घालतात. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती, याला काही पुरावा नाही. एकाच यंत्राने दोन गावांत दोन वाटा दाखवल्या, एवढेच खरे. मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावात उमटलेला नाद आपल्याला वीस-पंचवीस वर्षे ऐकू का आला नाही?

एकट्याने संगीत करता येण्याइतकी यंत्रे चरणजितसिंग यांच्यापाशी होती. एकट्याने ते श्रोत्यापर्यंत पोचवण्याची वाट मात्र नव्हती. तबकडी कंपनीने काढायची आणि दुकानदाराने मांडायची. ती दुकानातल्या मांडणीवरून उतरली की विषय संपला. रित्विजच्या पिढीला ती वाट सापडली आहे. तिथे गाणे मांडणीवरून उतरत नाही, मात्र रोज येणाऱ्या हजारो गाण्यांच्या गर्दीत ते हरवू शकते.

तेव्हा शेजारच्या खोलीतून रात्री एखाद्या मुलाच्या की-बोर्डचा आवाज आला, तर आवाज कमी कर म्हणण्याआधी दोन मिनिटे थांबा. तो काय वाजवतो आहे, ते नीट ऐका. नाही तर पुन्हा कुणी तरी सातासमुद्रापलीकडून येऊन ते आपल्याला ऐकवायचा!