महेशाच्या हातातील महाळुंग

इ. स. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा एक ग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानातील वनस्पती, फळे आणि औषधी द्रव्ये हा त्याचा विषय. तथापि मुंबईजवळील घारापुरीच्या लेण्यांविषयीही त्याने त्यात लिहिले आहे. फळांचे गुणधर्म शोधणाऱ्याच्या ग्रंथात ज्या लेण्याला स्थान मिळाले, तेथील मुख्य मूर्तीच्या हातीच एक फळ असावे, हा योगायोग मनोरम खरा.

सहाव्या शतकातील ही महेशमूर्ती सुमारे १८ फूट उंच असून तिची तीन मुखे दिसतात. आपल्या उजवीकडील सौम्य मुखाजवळच्या हातात कमळ आहे. मधल्या प्रशांत मुखाचा उजवा हात भंगलेला आहे. डाव्या हातात मात्र महाळुंग आहे.

घाईने पाहणाऱ्यास ही केवळ शोभा वाटेल. परंतु विष्णुधर्मोत्तर पुराणात शिवाच्या हातातील मातुलिंग जगाच्या बीजरूप परमाणूंनी भरलेले आहे, असा अर्थ सांगितला आहे. फळाची निवडही किती समर्पक! महाळुंगाची साल जाड व खडबडीत, गर थोडा, बिया पुष्कळ. वरून निश्चल दिसणाऱ्या या फळात पुढची सारी झाडे मिटून राहिलेली असतात. कमळ ही उमललेली सृष्टी मानली, तर महाळुंग ही अद्यापि न उमललेली, असे म्हणावयास हरकत नसावी.

करवीरच्या महालक्ष्मीच्या उजव्या हातात हेच फळ आहे. बौद्धांचा धनदेव जंभल यानेही ते धारण केले आहे. तेथे ते समृद्धीची खूण ठरते. अर्थ वेगळा भासला, तरी त्याचे मूळ बीजातच आहे.

नारळाने ओटी भरणाऱ्या गृहिणीने पुराण वाचलेले नसेल. पण फळ म्हणजे भरलेपण, हे तिला ठाऊक असते. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात. तीत नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग आणि रानातून शोधून आणलेली फळे टांगतात. तेथे हा अर्थ दरवर्षी नव्याने पिकतो.

आता दारोदारी प्लास्टिकची फळे-फुले लोंबू लागली आहेत. त्यांत आकार आहे, रंग आहे. बी तेवढे नाही. रान तुटत गेले, तर माटोळीवरही हीच पाळी येईल. घारापुरीच्या शिल्पकाराने दगडातसुद्धा बीज पाहिले होते. वाचकांनी तेथे गेल्यावर मुखांवरून दृष्टी क्षणभर खाली आणून त्या हाताकडेही पाहावे.