तोटा झाला तर भरणार कोण?

परकीय गुंतवणूक म्हटलं की आपण विचारतो, पैसा किती आला? माझ्या संशोधनातला प्रश्न वेगळा आहे: तोटा झाला तर भरणार कोण? १८४९ च्या करारात जीआयपी रेल्वेच्या भांडवलाला ५ टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून. मग खर्चाला आळा कशाला घालतील?

जवळपास दीडशे वर्षांनी कोकणात, दाभोळला, तेच. एन्रॉनच्या प्रकल्पाशी १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, वीज मंडळाने स्थिर आकार भरायचाच, तोही बराचसा डॉलरशी बांधलेला. वर राज्याची हमी, केंद्राची प्रतिहमी! रुपया घसरला, दर चढला. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं. त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. बंद प्रकल्प २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेलच्या नव्या कंपनीने घेतला, म्हणजे शेवटी आपणच.