एका पेनीची जागा

थॉमस प्लाटर हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा तरुण. वैद्यकी शिकलेला, पंचविशीतला आणि हिंडायची हौस असलेला. १५९९ साली तो लंडनला आला. २१ सप्टेंबरला दुपारचं जेवण आटोपून दोनच्या सुमारास त्यानं थेम्स ओलांडली आणि गवतानं शाकारलेल्या एका नाटकघरात ज्यूलियस सीझरचं नाटक पाहिलं. पंधराएक पात्रं होती, काम छान झालं, शेवटी नटांनी नाच केला, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. अभ्यासक या नोंदीवर जीव टाकतात, कारण ते घर शेक्सपिअरच्या मंडळींचं नवंकोरं ग्लोब असावं आणि नाटकही त्याचंच. माझा जीव मात्र तिकिटाच्या दरांवर जडला. प्लाटर सांगतो, उभं राहायचं तर एक पेनी. बसायचं तर आतल्या दारावर आणखी एक. गादीवर, जिथून सगळं दिसतं आणि आपणही सगळ्यांना दिसतो अशा जागी बसायचं, तर पुढच्या दारावर तिसरी.

माझी नोकरी मुंबईच्या उपनगरातल्या एका नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीत गेली. प्लॅन उघडला की पुढच्या रांगा भराभर खोडल्या जायच्या आणि बाल्कनीच्या मागच्या दोन ओळी शेवटपर्यंत पांढऱ्या राहायच्या. त्या ओळींचं गिऱ्हाईक निराळं. तो माणूस आधी दर विचारतो, मग नाटकाचं नाव. तिसऱ्या घंटेला धापा टाकत येतो आणि सबंध नाट्यगृहात सगळ्यात लक्ष देऊन नाटक बघतो. निवृत्तीनंतर मुलीकडे लंडनला जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा तिथल्या नाटकांइतकाच तिथल्या मागच्या ओळींचा इतिहास मी शोधत बसलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. स्वस्त तिकीट खरं म्हणजे स्वस्त नसतंच. पैशात कमी पडलेली किंमत प्रेक्षक वेळानं भरतो, पायांनी भरतो, आणि लंडनमध्ये तर त्यानं ती घशानंही भरली आहे.

ग्लोबचीच गोष्ट घ्या. तेव्हा लंडनमधल्या कसबी कारागिराची दिवसाची मजुरी साधारण बारा पेनी. त्यातली एक देऊन नाटक बघणं त्याला परवडत होतं. पण प्रयोग दुपारी, उजेडात व्हायचे. म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम बुडवा, दोन-तीन तास उघड्या अंगणात उभे राहा, पाऊस आला तर भिजा. पैसे गोळा करण्याची रीत मला धंद्यातला माणूस म्हणून फार आवडली. दारावरचा माणूस मातीचा गल्ला घेऊन उभा असे. वरच्या फटीतून नाणं आत गेलं की गल्ला फोडल्याशिवाय बाहेर येत नसे. १९८९ साली शेजारच्याच रोझ या नाटकघराचा पाया खणला, तेव्हा अशा गल्ल्यांच्या खापऱ्या सापडल्या. द्वारपालावर मालकाचा विश्वास किती होता ते त्या खापऱ्यांवरून कळतं.

हीच मंडळी १६०९च्या सुमारास ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाटकघरात खेळ करू लागली. डोक्यावर छप्पर, मेणबत्त्यांचा उजेड, सगळ्यांना बसायला जागा आणि कमीत कमी दर सहा पेनी. पाय वाचले, की पैसे वाढले.

पुढचं दीडशे वर्षांचं वळण मी झपाट्यानं घेतो. १६४२मध्ये नाटकघरं बंद पडली, १६६०मध्ये राजेशाही परतल्यावर पुन्हा उघडली, आणि गंभीर नाटक करण्याचा परवाना दोनच मंडळ्यांना मिळाला. अठराव्या शतकात ही मक्तेदारी ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन घरांकडे होती. तिथं एक छान रिवाज रुळला होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाच अंकी नाटक सुरू व्हायचं आणि त्यानंतर एखादं प्रहसन. तिसरा अंक संपल्यावर जो येईल त्याला अर्ध्या दरात प्रवेश. दुकानातला कारकून, शिकाऊ पोरगा, उशिरा सुटणारा नोकरदार, सगळे या वेळेला आत शिरायचे. त्यांना सीझर मेलेलाच दिसायचा, पण प्रहसन पूर्ण मिळायचं.

नाटकाच्या मालकाला हे खुपणं साहजिक आहे. ड्रुरी लेनचा मालक तेव्हा डेव्हिड गॅरिक होता, त्या काळातला सर्वांत मोठा नट. त्यानं ही सवलत जवळजवळ बंद करायचं ठरवलं. २५ जानेवारी १७६३च्या रात्री फिट्झपॅट्रिक नावाच्या गृहस्थाच्या पुढारपणाखाली प्रेक्षकांनी बाकडी मोडली, झुंबरं फोडली आणि नाटक होऊ दिलं नाही. गॅरिकनं लगेच माघार घेतली. पुढच्या महिन्यात कॉव्हेंट गार्डनमध्ये तोच प्रकार झाला आणि तेही नमले. कोणत्याही कायद्यात न लिहिलेली सवलत लोकांनी हक्क म्हणून राखली.

पण खरी लढाई त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी झाली. सप्टेंबर १८०८मध्ये कॉव्हेंट गार्डन जळून खाक झालं, आग विझवताना वीसहून अधिक माणसं दगावली. वर्षभरात नवं घर उभं राहिलं. सुमारे दीड लाख पौंड खर्च झाला. मालकांपैकी एक आणि घराचा कारभारी होता जॉन फिलिप केंबल, हाही नामवंत नट. खर्च भरून काढायला त्यानं पिटाचा, म्हणजे रंगमंचासमोरच्या बाकड्यांचा, दर साडेतीन शिलिंगांवरून चार केला, बॉक्सचा सहावरून सात. गॅलरीचा दर वाढवला नाही. एवढंच असतं तर कदाचित निभावलं असतं. पण तिसरा मजला त्यानं बड्या लोकांना वर्षाच्या भाड्यानं द्यायच्या खासगी बॉक्सना दिला, आणि गॅलरीवाल्यांना छताखालच्या अशा कोनाड्यांत ढकललं की त्यांना नटांचे पायच दिसावेत. लोकांनी त्या कोनाड्यांना कबुतरखाने म्हणायला सुरुवात केली.

१८ सप्टेंबर १८०९ला ‘मॅकबेथ’नं पडदा उघडला आणि केंबलचं एक वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. प्रेक्षक रंगमंचाकडे पाठ करून उभे राहिले आणि ‘जुने दर’ असा घोष सुरू झाला. दंगलीचा कायदा वाचून दाखवायला दंडाधिकारी रंगमंचावर आले, त्यांचंही कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या रात्री तेच. मग घंटा आल्या, शिंगं आली, खुळखुळे आले, फलक आले. जुन्या दरांचा म्हणून एक खास नाच निघाला, त्यात ठेक्यात पाय आपटायचे. केंबलनं हिशेब तपासायला प्रतिष्ठितांची समिती नेमली आणि नफा फार नाही असं जाहीर केलं. लोकांनी विश्वास ठेवला नाही. मग त्यानं डॅनियल मेंडोझासारखे नावाजलेले मुष्टियोद्धे पिटात आणून बसवले. त्यानं तर आगीत तेल पडलं. यातला खरा डाव म्हणजे बरेचसे दंगेखोर अर्धा दर सुरू झाल्यावर यायचे. म्हणजे जुन्या सवलतीच्या जोरावर नव्या दराविरुद्ध भांडण चाललं होतं.

हे सगळं सदुसष्ट रात्री चाललं. डिसेंबरात केंबल तडजोडीच्या जेवणाला हजर राहिला, जाहीर माफी मागितली, पिट पुन्हा साडेतीन शिलिंगांवर आला, खासगी बॉक्स कमी झाले. बॉक्सचे सात शिलिंग मात्र लोकांनी राहू दिले. ज्याला परवडतं त्यानं द्यावं, हा न्याय त्यांना मान्य होता. या तहात एक कलम माझ्या काळजाला लागलं. बॉक्सच्या जागा सांभाळणारा ब्रँडन नावाचा नोकर होता. त्यानं दंगेखोरांच्या बाजूच्या क्लिफर्ड या बॅरिस्टरला पकडवलं, क्लिफर्डनं त्याच्यावर दावा लावला आणि जिंकला. ब्रँडनला काढून टाका, ही लोकांची मागणी मालकांनी मान्य केली. दर वाढवणारा केंबल आपल्या जागेवर राहिला आणि खिडकीतला माणूस गेला.

अर्ध्या शिलिंगासाठी एवढा गोंधळ का, असं वाटू शकतं. मला त्याचं उत्तर आपल्या रंगभूमीत सापडतं. ८ जुलै १९२१ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं संयुक्त ‘मानापमान’ झालं. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता, आणि १९२१चे शंभर रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. तरी लोकांनी गर्दी केली, कारण पैसे टिळक स्वराज्य फंडाला जाणार होते. आकडा किती यापेक्षा तो कुठं जातो, हे प्रेक्षक आधी बघतो. केंबलचा अर्धा शिलिंग श्रीमंतांच्या पडदेवाल्या खोल्यांत जात होता, हे पिटातल्या माणसाला समोर दिसत होतं.

शेवटी पिट गेलाच, पण दंगलीनं नव्हे, खुर्चीनं गेला. बाकडी उचलून अंक घातलेल्या गुबगुबीत खुर्च्या पुढून मागे सरकत आल्या. ३१ जानेवारी १८८०ला बँक्रॉफ्ट पतिपत्नींनी हेमार्केटचं घर नव्यानं उघडलं, त्यात पिट नावालाही नव्हता. खालचा सगळा मजला दहा शिलिंगांच्या खुर्च्यांचा. वीसेक मिनिटं आरडाओरडा झाला आणि मग नाटक सुरू झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं. आपल्याकडे पिटाचं राज्य त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं, आणि भल्याभल्या नटांना त्याचा धाक होता.

लंडनचा गरीब रसिक आता गॅलरीत गेला. जुन्या नाटकघरांच्या बाजूच्या गल्लीत आजही एखादं अरुंद दार दिसतं. ते गॅलरीचं. उंची कपडे घातलेल्या लोकांशी गाठ पडू नये म्हणून दार वेगळं, जिना वेगळा, आणि वर लाकडी बाकं, तीही नंबर नसलेली. जो आधी येईल त्याची जागा. म्हणून रांग, आणि रांगेसाठी विसाव्या शतकात स्टुलांचा धंदा निघाला. सकाळी काही पेन्स देऊन एक छोटं स्टूल भाड्यानं घ्यायचं, ते आपल्या नावानं रांगेत लावायचं आणि कामाला निघून जायचं. संध्याकाळी आपल्या स्टुलावर येऊन बसायचं. रांगेपुढं गाणारे-वाजवणारे यायचे, ती करमणूक वेगळीच. माझ्या नोकरीच्या काळात ही युक्ती मला सुचली असती, तर ‘रांगेत जागा धरायला चपला ठेवून जाऊ नये’ ही पाटी लावावी लागली नसती.

१९८० साली वेस्ट एंडच्या नाट्यव्यावसायिकांच्या संघटनेनं लेस्टर स्क्वेअरमध्ये एक छोटी टपरी उघडली. त्या दिवशीची न विकलेली तिकिटं अर्ध्या दरात. न्यूयॉर्कनं ही सोय १९७३मध्येच टाइम्स स्क्वेअरला केली होती. त्यामागचा हिशेब कुठलाही बुकिंग क्लार्क सांगेल: पडदा उघडला की रिकामी खुर्ची नासलेल्या दुधासारखी, कुणी फुकटही घेत नाही. मी त्या रांगेत उभा राहिलो तेव्हा खिडकीतल्या बाईनं पैसे घेण्याआधी बजावलं, ‘या जागेवरून उजवीकडचा जिना दिसणार नाही, आणि दुसऱ्या अंकात भांडण त्याच जिन्यावर आहे.’ असं सांगणारा क्लार्क मिळाला की शहर कळलं म्हणायचं. चौकाच्या आसपास अर्ध्या दराच्या पाट्या लावलेली खासगी दुकानं पुष्कळ असतात, तिथं मूळ दर विचारल्याशिवाय पाकीट उघडू नये.

सवलतीचे इतर मार्गही निघाले. २००३मध्ये नॅशनल थिएटरमध्ये निकोलस हाइटनर यांनी मोठ्या ऑलिव्हिए प्रेक्षागृहातल्या दोन तृतीयांश जागा उन्हाळ्यापुरत्या दहा पौंडांना ठेवल्या. फरक प्रायोजकानं भरला. रॉयल कोर्टमध्ये काही उभ्या जागा दहा पेन्सना मिळत. आणि १९९७मध्ये थेम्सकाठी नव्यानं बांधून उघडलेल्या ग्लोबमध्ये अंगणातल्या सातशे उभ्या जागांचं तिकीट वीस वर्षांहून अधिक काळ पाच पौंडच राहिलं. तिथला नियम प्लाटरच्या काळासारखाच: बसायचं नाही. छत्रीही उघडायची नाही. सत्तरीजवळच्या गुडघ्यांनी मी तिथं एक शोकान्तिका पाहिली आणि राजाच्या आधी मीच कोसळतो की काय असं वाटलं. पण इतक्या जवळून नट मी पैसे देऊन कधी पाहिले नव्हते.

आता स्वस्त तिकिटाची जागा मोबाइलवरच्या सोडतीनं घेतली आहे. नाव नोंदवा, नशीब असेल तर निरोप येईल. उरलेल्या जागांचा दर मागणीप्रमाणे तासातासाला हलतो. यात पायपीट नाही, पाऊस नाही, म्हणून ही सुधारणा असं मुलगी म्हणते. मला तसं वाटत नाही. गरिबाकडे पैसा नसतो, पण पहाटे उठण्याची तयारी असते, उभं राहण्याची ताकद असते. चारशे वर्षं ती त्याची पुंजी लंडनच्या नाटकघरात चालत होती. सोडतीत ती चालत नाही. तिथं ज्याला नाटकाची तहान आहे तो आणि ज्यानं सहज बटण दाबलं तो, दोघं सारखेच.

आपल्याकडच्या निर्मात्यांना म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. दर वाढवा, नाटकाचा खर्च मला ठाऊक आहे. पण प्रयोगाच्या दिवशी सकाळी खिडकीवर जो स्वतः येईल त्यालाच मिळेल अशी एक ओळ प्लॅनवर पांढरी ठेवा. तिच्यासाठी प्रेक्षकाला सदुसष्ट रात्री ओरडायला लावू नका.