काजळीचा हिशेब : नीरेकाठची वीज आणि धूर

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या माळरानावर आले आणि उसाने येथे मूळ धरले. १९३० च्या दशकात वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

२/ गाळलेल्या उसाच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के चोथा, म्हणजे बगॅस उरतो. तो पूर्वी कारखान्याच्या गरजेपुरताच बॉयलरमध्ये जळे. २००२ साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने बगॅसवरील विजेचा दर ठरवला. पुढे उच्च दाबाचे बॉयलर आले, आणि साखर कारखाना वीजकेंद्रही झाला.

३/ बगॅसमध्ये गंधक नगण्य असते. कोळशाच्या केंद्रांना छळणारा गंधक वायूचा प्रश्न म्हणून येथे नाही. येथील प्रश्न हलक्या राखेचा. हंगामात वाळवणावर, कपड्यांवर आणि श्वासात उतरते ती ही काजळी.

४/ हवा प्रदूषण कायदा १९८१ चा. २०१६ च्या अधिसूचनेने साखर कारखान्यांच्या चिमणीतील धूलिकणांना प्रति घनमीटर १५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आकडा स्पष्ट, तो गाठण्याचा प्रत्येक मार्ग मात्र काही तरी मागतो.

५/ पाण्याने धूर धुवावा, तर राखमिश्रित सांडपाणी उरते. विद्युत अवक्षेपक बसवावा, तर भांडवल मोठे आणि विकाऊ विजेतला काही वाटा त्यालाच लागतो. कापडी गाळणी लावावी, तर धुमसत्या कणांनी ती पेटण्याची भीती.

६/ यंत्र चालते हंगामाचे काही महिने, कर्जाचे व्याज मात्र बारमाही. सहकारात तो भार अखेर उसाच्या दरावर येतो. सभासद शेतकरी मालकही आणि धूर सोसणाराही; निदान त्याला सर्वसाधारण सभेत मत आहे. ऊसतोड मजुराला आणि शेजारच्या भूमिहीनाला तेही नाही.

७/ कोळशाचा इतिहास हेच सांगतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कठोर मानके आणली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक वायूच्या मानकातून सूट मिळाली. उलट डहाणूत, चिकूच्या बागांच्या प्रदेशात, दीर्घ कायदेशीर लढ्यानंतर २००७ साली गंधक काढणारी यंत्रणा बसली.

८/ यंत्राचा खर्च ताळेबंदात दिसतो. खोकल्याचा खर्च घरोघरी विखुरतो. नियमनाचा इतिहास वाचताना म्हणूनच किंमत किती, याआधी ती कोणाच्या वहीत मांडली गेली, हे पाहावे.