सोन्याच्या वर्खापासून कॅमशाफ्टपर्यंत

उत्तम स्थितीतली एखादी स्पोर्ट्स कार एके दिवशी अचानक रुसून बसते. स्टार्टर बराच वेळ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. घेतलेच तर अंगात जोर नसतो. गॅरेजमधला मेकॅनिक आपले यंत्र जोडतो, त्यावर 'पी ०३४०' हा संकेतांक उमटतो आणि निदान होते : कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर गेला. बहुतेक गाड्यांत तो बदलणे फारसे अवघड नसते. तारांचा कनेक्टर सोडवायचा, एक बोल्ट काढायचा, नव्या सेन्सरच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावून तो जागेवर बसवायचा. पण अंगठ्याएवढ्या त्या प्लॅस्टिकच्या वस्तूत असते तरी काय?

आधी तिची गरज का पडते ते पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक आवर्तन पुरे व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. त्यामुळे दट्ट्या दोनदा वर येतो : एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा जळालेला वायू बाहेर ढकलताना. क्रँकशाफ्टकडे पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र आवर्तनात एकच फेरा घेतो, म्हणून खरी वेळ तोच सांगू शकतो. १९९१ साली आलेल्या पोर्शे ९६८ सारख्या गाड्यांत तर इंजिन चालू असतानाच झडपांची वेळ पुढेमागे केली जाते. इंजिन मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट सेकंदाला ६० फेरे घेतो, म्हणजे एक अंश वळायला त्याला सेकंदाचा सुमारे २१,६०० वा भाग लागतो. एवढ्या बारीक वेळेची नोंद तेलात आणि उष्णतेत राहून ठेवायची. आज हे काम बहुतेक वेळा ज्या परिणामावर सोपवलेले असते, त्याचा जन्म एका विद्यार्थ्याच्या शंकेतून झाला.

एडविन हॉल हा अमेरिकेतल्या मेन राज्याचा. १८७५ साली पदवी घेतल्यावर त्याने दोन वर्षे शाळेत काम केले आणि १८७७ मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या हाताखाली शिकायला गेला. तेथे तो मॅक्सवेल यांचा विद्युत आणि चुंबकत्वावरचा १८७३ चा महाग्रंथ वाचत होता. त्यात एका ठिकाणी मॅक्सवेल बजावून सांगतात की, चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर जे बल लागते ते तारेतल्या विद्युतप्रवाहावर नव्हे, तर खुद्द तारेवर लागते. हॉलला हे पटेना. तारेत प्रवाह नसेल तर बलही नसते. मग बल प्रवाहावर लागत नाही असे कसे म्हणायचे? त्यातच स्वीडनच्या एडलुंड यांचा एक लेख त्याच्या वाचनात आला. तो नेमके उलट गृहीत धरून चालला होता. दोन जाणत्यांची दोन मते!

हॉल रोलंड यांच्याकडे गेला. मॅक्सवेल यांचे विधान त्यांनाही खटकत होते. त्यांनी स्वतः एक प्रयोग करून पाहिला होता आणि त्यातून काही निघाले नव्हते. 'मी करून पाहिले आहे, तू वेळ घालवू नकोस' असे म्हणणे किती सोपे होते! रोलंड यांनी तसे म्हटले नाही, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोलाचे वाटते.

हॉलने आधी वेगळी वाट धरली. प्रवाह खरोखर तारेच्या एका कडेला ढकलला जात असेल, तर त्याला जागा कमी उरेल आणि तारेचा रोध वाढेल. त्याने काळजीपूर्वक मोजले. रोध वाढला नाही. मग तो रोलंड यांच्याच जुन्या प्रयोगाकडे वळला, मात्र त्यांच्या सल्ल्याने जाड पट्टीऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेऊन. वर्खातून लांबीच्या दिशेने प्रवाह सोडला, तो विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवला आणि समोरासमोरच्या कडांना गॅल्व्हानोमीटर जोडला. ऑक्टोबर १८७९ च्या अखेरच्या आठवड्यात गॅल्व्हानोमीटरने विचलन दाखवले, आणि ते टिकून राहिले. हॉल तेव्हा २३ वर्षांचा होता. पुढच्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल केंब्रिजमध्ये वारले.

वर्खच का लागला? सारख्याच प्रवाहाला आणि चुंबकीय क्षेत्राला कडांमधले विभवांतर पट्टीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते, तसेच भारवाहक कणांच्या घनतेच्याही. पट्टी पातळ केली की परिणाम वाढतो. पण सोन्यात दर घन सेंटिमीटरला सुमारे ६ वर २२ शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून वर्खातही तो अगदी क्षीण राहतो. अर्थात हे सारे नंतरचे ज्ञान. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा. हॉलला तर १८८० मध्ये लोखंडात विभवांतर सोन्याच्या उलट दिशेने मिळाले. धातूंत असे उलटे चिन्ह का यावे, हे कोडे पुंज सिद्धांत आल्यावर, १९२९ मध्ये पायर्ल्स यांनी सोडवले.

हॉलने १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तो हार्वर्डला गेला. तेथे त्याने प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांनी शाळेतच करावयाच्या ४० प्रयोगांची यादी बनवली. अमेरिकेतल्या शाळांत भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा रुजण्यात तिचा मोठा वाटा आहे. शिक्षकांनी हॉलला त्यासाठीही ओळखावे.

परिणाम मात्र सत्तर वर्षे प्रयोगशाळेबाहेर फारसा पडला नाही. अर्धवाहकांनी चित्र पालटले. अशुद्धी मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये भारवाहकांची घनता १ वर १६ शून्ये इतकी खाली ठेवता येते, म्हणजे सोन्याच्या साठ लाखांश. विभवांतर त्याच पटीत वाढते. (आम्हा अर्धवाहकवाल्यांचा नवा नमुना हाती आला की पहिल्या मोजमापांत हॉलचा प्रयोग असतोच.) १९६८ साली हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाने संगणकाच्या कळफलकात हॉलची चिप बसवली. त्याच चकतीवर प्रवर्धकही आला, आणि ती मोटारीत शिरायला मोकळी झाली.

कॅमशाफ्टच्या सेन्सरमध्ये चिपच्या मागे सहसा एक छोटे चुंबक असते. शाफ्टवरचा पोलादी दात समोर आला की क्षेत्र वाढते, खाच आली की घटते, आणि चिप त्याचे 'आहे-नाही' असे संकेत करते. चुंबक आणि वेटोळ्याचा जुना सेन्सरही चालतो, पण त्याचे विभवांतर वेगावर अवलंबून असते. स्टार्टर हळू फिरत असताना तो जेमतेम कुजबुजतो. हॉलच्या परिणामाला वेगाशी देणेघेणे नाही.

आता त्या संकेतांकाकडे पुन्हा पाहा. 'पी ०३४०' चा अर्थ सेन्सर बिघडला असा नाही. सेन्सरच्या परिपथातून अपेक्षित संकेत येत नाही, एवढाच आहे. तार तुटली, कनेक्टर गंजला किंवा त्यात तेल झिरपले तरी तोच अंक येतो. म्हणून चांगला मेकॅनिक सेन्सर विकत आणण्यापूर्वी मल्टीमीटर घेऊन कनेक्टरपर्यंत विद्युतपुरवठा पोचतो का ते तपासतो, आणि शाफ्ट फिरवून संकेताच्या तारेवरचे विभवांतर बदलते का ते पाहतो.