कोतोखालचा ठेका

शाकुहाची ही जपानी बांबूची उभी बासरी. तिला भोकं पाचच. मधले स्वर वादक मान खालीवर करून, भोक अर्धवट झाकून काढतो. फुके पंथाचे भिक्षू वेताच्या टोपलीने चेहरा झाकून ती साधना म्हणून वाजवत. १८७१मध्ये मेईजी सरकारने तो पंथच मोडीत काढला. तिच्या जुन्या एकल रचनांना ठेका नाही. श्वास संपला की वाक्य संपतं, आणि त्यानंतरची शांतता हाही संगीताचाच भाग असतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या फंक संगीतात मात्र सगळा जीव ठेक्यातच: समेवर ठाम जोर, बेस गिटार आणि ड्रम्सची घट्ट वीण. १९७०च्या दशकात ही दोन टोकं एकत्र आली. ती का आली, हे मला त्या नादाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जपानमध्ये जॅझ महायुद्धाच्या आधीच रुजला होता. युद्धात तो शत्रूचं संगीत ठरला आणि पराभवानंतर अमेरिकी छावण्यांमधल्या क्लबांतून जोमाने परतला. त्या पिढीच्या वादकांपुढे आदर्श होता तो अमेरिकी रेकॉर्डचा. हुबेहूब वाजवावं, तर नक्कल. कोतो आणावा, तर परदेशी श्रोत्यांसाठी मांडलेली किमोनोची शोभा. या कोंडीतून वाट काढायची होती.

प्रयत्न झाले. १९६५मध्ये ड्रमवादक हिदेओ शिराकी तीन कोतोवादकांना घेऊन बर्लिनला गेला. १९६७मध्ये होझान यामामोतोची शाकुहाची न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात वाजली. १९७०मध्ये त्याने पियानोवादक मासाबुमी किकुची आणि अमेरिकी बेसवादक गॅरी पीकॉक यांच्याबरोबर 'गिन्काई' ही रेकॉर्ड केली. त्याच सुमारास मिनोरू मुराओकाने 'बांबू' या रेकॉर्डवर 'टेक फाइव्ह' शाकुहाचीवर वाजवलं. पुढे १९७६मध्ये कियोशी यामायाने जपानी लोकगीतांना फंकचा ठेका दिला. तोशिको योनेकावाचा कोतो आणि किफू मित्सुहाशीची शाकुहाची त्यात पुढे आहेत.

हे जमलं त्याची कारणं मला वाद्यांतच सापडतात. कोतोच्या तेरा तारा बोटांत नख्या घालून छेडतात. आघात तीक्ष्ण, नाद लगेच विरणारा. म्हणजे फंकमध्ये तुटक वाजणाऱ्या गिटारचंच काम. शाकुहाचीतली श्वासाची खरखर सॅक्सोफोनच्या घोगरेपणाशेजारी परकी वाटत नाही. आणि मुख्य गोष्ट सुरावटीची. 'साकुरा साकुरा' ज्या पाच स्वरांत आहे ते आपल्या भाषेत सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल धैवत. माझ्या कानाला तिथे गुणक्रीचे स्वर ऐकू येतात, राग नव्हे. बेबॉपच्या घडोघडी बदलणाऱ्या स्वरसंगतीत अशी सुरावट गुदमरते. फंकमध्ये बेस एकाच स्वराभोवती घुटमळत राहतो, आणि त्या स्थिर जमिनीवर तिला उभं राहता येतं. हाच यामामोतो १९७८मध्ये रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्याबरोबरही वाजला, त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पण या कहाणीचं दुसरं गाव लॉस एंजेलिस आहे. तोशिको आकियोशी १९५६मध्ये शिकायला अमेरिकेत गेली तेव्हा बड पॉवेलच्या शैलीत पियानो वाजवणारी जपानी बाई ही तिथे नवलाई होती. १९७४मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या आपल्या बिग बँडसाठी, तिने 'कोगुन' ही रचना ध्वनिमुद्रित केली. युद्ध संपल्यावरही जवळजवळ तीस वर्षं फिलिपाइन्सच्या जंगलात राहिलेल्या हिरू ओनोदा या सैनिकावरची. ती फंक नाही. पण तिच्यात नोह नाट्याचा आवाज आणि त्सुझुमी हा छोटा ढोल आहे, आणि ते शोभेला ठेवलेले नाहीत. रचना त्यांच्यावरच उभी आहे.

त्याच वर्षी त्याच शहरात 'हिरोशिमा' हा बँड जमला. डॅन आणि जून कुरामोतो त्याचे आधारस्तंभ. जूनचा कोतो ही त्याची ओळख. १९७९मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली. १९४२नंतर अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यातले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. सुटून आल्यावर अनेक घरांनी जपानीपण मिटून घेतलं. अशा समाजात वाढलेल्या पिढीने कोतो रंगमंचावर मधोमध ठेवला, बँडला ते नाव दिलं. फंक त्यांना दूरच्या रेकॉर्डवरून शिकायचा नव्हता; तो त्यांच्याच शहरातल्या रस्त्यांवरचा, रेडिओवरचा होता.

टोकियोत कोतो आणि फंक एकत्र आले ते नकलेच्या शिक्क्यातून सुटण्यासाठी. लॉस एंजेलिसमध्ये, 'आम्ही इथलेच' हे सांगण्यासाठी. यामायाच्या त्या रेकॉर्डिंग्ज अलीकडे युरोपात पुन्हा निघाल्या आहेत आणि दुर्मीळ ठेक्यांच्या शोधातले डीजे त्या उचलतात. त्यांवर लोकांनी नाचावं, त्या त्यासाठीच आहेत. मात्र ऐकताना मला शाकुहाचीची ती जुनी शांतताही हवी असते. ठेक्याने ती बुजवलेली नाही. दोन आवर्तनांच्या मध्ये श्वास घेण्यापुरती जागा या वादकांनी जपून ठेवली आहे.