कवंदी : तारखांशिवायची तारीख

उर्दूत ‘तारीख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिनांक आणि दुसरा इतिहास. मराठीने त्यातला पहिला घेतला. शाळेतही बहुतेक वेळा तेच होते. मलिक अंबर शिकवायचा म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा वजीर, त्याने वसवलेले खडकी म्हणजे नंतरचे औरंगाबाद, १६२६ मध्ये मृत्यू, एवढे फळ्यावर लिहून द्यायचे. पण आफ्रिकेतून आणलेले सगळेच हबशी वजीर झाले नाहीत. बाकीच्यांचे काय झाले, हे धड्यात येत नाही.

त्यांच्यातल्या काहींचा माग कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात लागतो. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या जंगलांत सिद्दी लोक राहतात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि नंतर मोझांबिककडून गुलाम आणून तिथे विकले. त्यांतले अनेक जण पळून घाटावरच्या जंगलात शिरले. आजच्या सिद्दींपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज तेच. यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. बोली कोकणीच्या वळणाची, तिच्यात मराठी आणि कानडी शब्द मिसळलेले. यांची बखर कोणी लिहिली नाही. पण बायकांनी कवंदी शिवली.

कवंदी म्हणजे गोधडीच. खाली अस्तराला जुनी साडी, वर फाटक्या कपड्यांचे तुकडे. नकाशा नाही, मोजपट्टी नाही. शिवण एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि काठाकाठाने चारही बाजू फिरून हळूहळू आत, मध्याकडे येते. म्हणजे आधी काठ, मग पोट. काठाला लांब पट्टी हाती लागली तर लांब, आखूड लागली तर आखूड. लाल संपले की पिवळे. तुकड्याची कड आत दुमडून जाड धावदोरा घालत जायचे. शेवटी कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे बसवतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असे सिद्दी बायका मानतात.

या कवंद्यांची दखल अभ्यासकांनी घेतली, परदेशात प्रदर्शनेही झाली. बघणारे त्यांत आफ्रिका शोधतात. अमेरिकेत अलाबामाच्या जीज बेंड गावातल्या काळ्या स्त्रियांच्या गोधड्याही अशाच मोकळ्या हाताच्या आहेत, त्यामुळे तुलना होणारच. पण शेजारच्या कानडी घरांत हिलाच कौदी म्हणतात आणि आपल्याकडे वाकळ. मला वाटते, या बायकांनी हाताशी होते ते घेतले आणि आपल्या नजरेने मांडले. कुठे चंद्रकोर आली, कुठे क्रूस आला. बाकी शिवण तीच.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठी मुसलमानाला नवा नाही. सिद्दींना तर तो चेहरा बघूनच विचारतात. चारशे वर्षे इथे राहूनही परदेशी ठरवले जाण्याचे दुःख त्यांना रोजचे आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. सरकारी कागदावर आपण आहोत, हे दिसायला इतका काळ गेला. कवंदीत मात्र ते आधीपासून होते. तिच्यातला प्रत्येक तुकडा इथल्याच कोणाच्या तरी अंगावरचा आहे.

म्हणून मलिक अंबर शिकवताना त्याच तासाला कवंदीही सांगावी, असे माझे मत आहे. वजिराच्या कर्तबगारीचा अभिमान जरूर बाळगावा, पण जंगलात लपून जगलेल्यांचीही तारीख असते. आणि आपल्या घरातली वाकळही एकदा उलगडून बघावी. कोणता तुकडा कोणाच्या साडीचा, कोणाच्या कुर्त्याचा, हे नानी-दादी अजून सांगू शकत असतील, तर आजच विचारून वहीत लिहून ठेवावे. त्या गेल्यावर हे सांगणारे दुसरे कोणी नसते.